गुरम्माचा डावा हात

सोलापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका बोळात बळेगारांचं बांगड्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन माणसं मांडी घालून बसली की तिसऱ्यानं पायरीवरच उभं राहावं, एवढीशी जागा. कन्नडात बांगडीला बळे म्हणतात; बळे भरणारे ते बळेगार. घरात बोलणं कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि शहराच्या पूर्वभागातल्या विणकरांच्या बायका आल्या की मोडकंतोडकं तेलुगू. गुरम्मा लग्न होऊन आली तेव्हापासून त्या दुकानात बसत आली. आधी सासूच्या पाठीमागं, मग सासूच्या शेजारी, आणि सासू थकल्यावर सासूच्या गादीवर. नवरा मल्लप्पा माल आणायचा, मांडायचा, हिशोब बघायचा. पण बाई दुकानात शिरली की तो आपसूक बाहेरच्या स्टुलावर जाऊन बसायचा. आतलं राज्य गुरम्माचं.

ती बांगड्या भरायची कशी, ते बघण्यासारखं होतं. समोरच्या बाईचा हात हातात घ्यायची आणि बोलायला लागायची. माहेर कुठलं, पोरं काय करतात, गुडघा कसा आहे. बाई उत्तर देण्यात गुंतायची आणि तेवढ्यात गुरम्माचा डावा हात तिचा पंजा असा काही मिटवायचा की अंगठ्याचं हाड कुठं गेलं ते तिचं तिला कळू नये. उजव्या हातानं बांगडी सरकायची ती थेट मनगटावर. तेल नाही, साबण नाही. कितीही जाड हाडाची बाई असो, गुरम्मा कमी मापाचीच बांगडी चढवायची. सैल बांगडी म्हणजे भांड्यात वाजणारा चमचा, असं ती म्हणायची. डाव्यानं दाबून धरायचं आणि नेमक्या वेळी ढिलं सोडायचं, उजव्यानं सरकवायचं. दोन हातांची दोन वेगळी कामं, आणि दोघांनी एकमेकांत तोंड घालायचं नाही.

तेच बिनसलं.

सुरुवात उजव्या हातापासून झाली. साठी अजून लांब होती. भाकरी थापताना हात पहिल्यासारखा फिरेना. पीठ तेच, ज्वारी तीच, पण भाकरी एका बाजूला जाड राहायची. पदर खोचायलाही वेळ लागायचा. मल्लप्पा म्हणाला, "वय झालं की आता. माझा खांदा नाही का दुखत?" गुरम्मालाही ते पटलं.

मग एका दुपारी सून महेश्वरी हसली. महेश्वरी अक्कलकोटची, एका गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात हिशोबाचं काम करणारी. तिचा नवरा राजशेखर बांधकामाच्या नोकरीनिमित्त बाहेरगावी असायचा, त्यामुळे घरात ही तिघंच. त्या दुपारी गुरम्मा उजव्या हातानं ताट पुसत होती, आणि तिचा डावा हात मांडीवर तसाच गोल गोल फिरत होता, जणू मांडीवरही एक ताट ठेवलंय.

"अत्ती, ते दुसरं ताट कुणाचं पुसायलाय?" महेश्वरीनं विचारलं. अत्ती म्हणजे सासूबाई.

गुरम्मानं खाली पाहिलं. डावा हात थांबला, कारण उजवा थांबला होता. तिनं पुन्हा ताट पुसलं. डावा पुन्हा फिरला. ती पण हसली. त्या दिवसापासून तिचं लक्ष त्या हातावर गेलं आणि मग तो दिसतच राहिला. उजव्या हातानं नळ पिळावा, तर डाव्याची मूठ वळायची. उजव्या हातानं लसूण सोलावा, तर डाव्याची बोटं रिकाम्या हवेत सोलायची. कुणाला तरी उजवा हात हलवून जाते म्हणावं, तर डाव्या हातातल्या वाटीतली आमटी साडीवर. दोन हात नव्हेत, एक हात आणि त्याची सावली.

कुणाला सांगायचं म्हणजे वेडात काढतील. हात स्वतःहून हलतो म्हटल्यावर पेठेतल्या बायकांनी लगेच कुठल्या तरी दर्ग्याचं नाहीतर देवऋषाचं नाव सुचवलं असतं. गुरम्मानं आपला सोपा उपाय काढला. काम नसेल तेव्हा डावा हात पदराखाली, आणि चारचौघांत बसली की सरळ मांडीखाली.

पण बांगडी भरताना तो मांडीखाली ठेवून चालणार नव्हतं. उजव्यानं बांगडी रेटावी, तर डावाही रेटायचा. जिथं ढिलं सोडायचं, तिथंच तो आवळायचा. बायका कळवळायला लागल्या. ज्या दुकानात गप्पांच्या नादात कुणाला बांगडी चढलेली कळत नसे, तिथं "आई गं" ऐकू यायला लागलं. एकदोन बांगड्या हातातच वाढल्या. बांगडीला फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. ती वाढली म्हणून कुणी बोललं नाही, पण नंतर मल्लप्पाच्या कानावर आलं, "गुरम्माचा हात जड झालाय." गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात बसलेलं तिला तिच्या गादीवरून दिसायचं. ती तिकडं न बघता डबे पुसत बसायची.

अशात जुळे सोलापुरातून विठाबाईंचं बोलावणं आलं. विठाबाई म्हणजे जुनं घर. त्यांच्या लेकींचे, सुनांचे, पुतण्यांच्या बायकांचे, सगळ्यांचे चुडे बळेगारांनीच भरलेले. आता नातीचं, ऋतुजाचं लग्न होतं, वैरागला दिलेली. नाही म्हणणं गुरम्माच्या जिभेवर आलं होतं. पण विठाबाई फोनवर म्हणाल्या, "माझ्या नातीला तुझाच हात पायजे गं गुरम्मा," आणि तिला नाही म्हणवलं नाही.

हॉलमध्ये सतरंजी, मधे पाट, पाटावर ऋतुजा. भोवती आत्या, माम्या, मावश्या, दारात चपलांचा ढीग. गुरम्मानं हिरव्या बांगड्यांची पेटी उघडली, हळदकुंकू वाहिलं, पोरीचा हात हातात घेतला. मऊ, लहानसा पंजा. तिनं मनातल्या मनात सिद्धेश्वराला म्हटलं, आजचा दिवस सांभाळ.

पहिल्या काही बांगड्या नीट गेल्या. मग एक जरा अडली. तिनं उजव्या हातानं नेट लावला आणि त्याच क्षणी डाव्या हातानं पोरीचा पंजा पिळला. काच कडकन् वाजली. हिरवे तुकडे सतरंजीवर, आणि ऋतुजाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला रक्ताची बारीक रेघ.

मग एक मावशी म्हणाली, "अगं बाई! चुडा भरतानाच वाढली!" दुसरी कुणीतरी म्हणाली, "मी आधीच म्हटलं हुतं, पलीकडच्या पेठेतल्या बाईला बोलवू." कुणी हळद आणायला धावलं. गुरम्मा नुसती आपल्या हातांकडं बघत राहिली. धरणीनं पोटात घेतलं असतं तर ती आनंदानं गेली असती.

ऋतुजा मात्र मनगटाकडं बघत नव्हती. ती गुरम्माच्या डाव्या हाताकडं बघत होती.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "आत्ता तुम्ही डाव्या हातानं पिळलंत. मुद्दाम?"

"न्हाय गं माझे बाई. मुद्दाम कशाला पिळंन मी? तो आपला आपणच..."

ऋतुजा फिजिओथेरपी शिकलेली होती. लकवा झालेल्या, मेंदूच्या आजारानं हातपाय आखडलेल्या माणसांकडून व्यायाम करून घ्यायचे, हेच तिचं काम. मनगटावर आईनं दाबलेली हळद तशीच ठेवून ती पाटावरून खाली सरकली आणि गुरम्माच्या समोर बसली.

"उजव्या हाताचा अंगठा आणि हे बोट असं टेकवा बघू. भराभर. डावा हात मांडीवर सोडून द्या."

गुरम्मानं टेकवलं. उजवा हात चार वेळा टेकवेपर्यंतच दमला, बोटं जवळ जवळ येऊन अडखळायला लागली. आणि मांडीवरचा डावा, ज्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, तो तस्साच टेकवत होता. भोवतालच्या सगळ्या बायकांनी ते पाहिलं.

"आता डाव्याला थांबवून बघा."

"थांबत न्हाय गं. लई करून बघितलं मी. दाबून धरला तर आतल्या आत हलतो." आणि इतके दिवस कुणालाही न सांगितलेलं तिनं भर हॉलमध्ये सांगून टाकलं. ताट, लसूण, आमटी, सगळं. सांगताना तिला रडू आलं.

ऋतुजानं तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. मग मागं वळून त्या मघाच्या मावशीला म्हणाली, तेही मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मावशी, ह्यात ह्यांची काही चूक नाही. डावा हात उजव्याची नक्कल करतोय. त्यांनी ठरवून केलेलं नाही. हा मेंदूचा प्रश्न आहे, हाताचा नाही आणि अपशकुनाचा तर नाहीच नाही." आणि गुरम्माला म्हणाली, "नाव मला सांगता येणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण वय झालं म्हणून सोडून देऊ नका. उजवा हात मंद झालाय तो कधीपासून? मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं. लवकर."

"दाखवते. पण तुझा चुडा दुसऱ्या कुणाकडनं तरी भरून घे, बाई. माझ्यानं नको."

"का म्हणून? आजीनं तुम्हालाच बोलावलंय की."

तेव्हा इतका वेळ सोफ्यावर बसलेल्या विठाबाई उठल्या. गुडघे त्रास देत होते तरी सतरंजीवर येऊन बसल्या, गुरम्माच्या अगदी खांद्याला खांदा लावून. त्यांनी नातीचा पंजा आपल्या डाव्या हातात घेतला.

"गुरम्मा, तुझा डावा ऱ्हाऊ दे बाजूला. माझा डावा घे. कसं दाबायचं ते सांग, मी दाबते. तू सरकव."

गुरम्मानं आपला डावा हात मांडीखाली सारला. विठाबाईंना सांगितलं, इथं अंगठा आत घ्या, हे हाड असं वळवा, आता ढिलं. आणि उजव्या हातानं, सावकाश, एकेक बांगडी सरकवत गेली. मांडीखाली डावा हात प्रत्येक बांगडीला धडपडत होता, तिला जाणवत होतं. पण आता त्याच्या हातात कुणाचा पंजा नव्हता. दोन्ही मनगटं हिरवीगार भरली. एकही बांगडी वाढली नाही. शेवटी त्या मावशीनंच गुरम्माला साखर दिली, आणि तिची नजर चुकवत म्हणाली, "घ्या. दमला असाल."

घरी आल्यावर गुरम्मानं काही सांगितलं नाही. मेंदू म्हटल्यावर ती घाबरली होती. मेंदूत काय निघेल कुणी सांगावं? लग्नाच्या गडबडीतली पोरगी विसरून जाईल, असंही तिला वाटलं. पण ऋतुजा विसरली नाही. तिनं विठाबाईंकडून नंबर घेऊन महेश्वरीला फोन केला, डॉक्टरांचं नाव सांगितलं, आणि वर म्हणाली, "मी सासरी गेल्यावर पुन्हा फोन करणार आहे. तोवर दाखवून झालेलं पाहिजे."

महेश्वरीनं कारखान्यातून सुट्टी घेतली. सकाळी ती सासूसमोर पिशवी आणि चपला घेऊन उभी राहिली.

"अत्ती, नंबर लावलाय. चला."

"दुकान कोण बघंल?"

"मामा बघतील," महेश्वरी सासऱ्याकडं बघून म्हणाली. "आज गिऱ्हाइकांना म्हणावं बांगड्या बघून जावा, भरायला उद्या या."

मेंदूचे डॉक्टर तसे अबोल, पण दक्षिणेकडच्या तालुक्यातले निघाले. गुरम्मा घाबरून कन्नडात पुटपुटली तेव्हा त्यांनी कन्नडातच उत्तर दिलं, आणि तिचा अर्धा जीव तिथंच भांड्यात पडला. त्यांनी तिला चालायला लावलं. चालताना डावा हात हलत होता, उजवा पोटाशी आखडून राहत होता. हे तिला स्वतःला माहीतच नव्हतं. त्यांनी मनगट वाकवून पाहिलं, बोटं टेकवायला लावली, सही करायला सांगितली. सही मुंगीएवढी बारीक होत गेली. "उदबत्तीचा वास येतो का?" त्यांनी विचारलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं, कितीतरी दिवसांत वास आला नव्हता. तिला वाटायचं, आजकालच्या उदबत्त्याच तसल्या. मेंदूचा फोटो काढून झाला, दुसरं काही नाही ना ते बघून झालं, आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांनी नाव सांगितलं. कंपवात.

"पण मला कंप कुटं हाय?" गुरम्मानं विचारलं. "हात कापत न्हाय माझा. नक्कल करतोय."

"सगळ्यांनाच कंप असतो असं नाही," डॉक्टर म्हणाले. "काहींचा हात नुसता मंद होतो, आखडतो. तुमचा उजवा झालाय. आणि नकलेचं म्हणाल तर लहान पोराला बघा. एका हातानं काही करायला गेलं की दुसराही हलतो. मोठं होता होता मेंदू शिकतो, एका हाताला हुकूम सोडायचा तर दुसऱ्याला गप्प बसवायचं. काही आजारांत हे गप्प बसवणं ढिलं पडतं. तुमच्या मंद हाताला हलवायला मेंदूला जास्त जोर लावावा लागतो, आणि तो जोर पलीकडं सांडतो. तुमचा डावा हात बिघडलेला नाही. त्याला चुकून हुकूम ऐकू येतोय."

"मग मी बांगड्या भरू का नको?"

डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळ्या लिहून दिल्या. मग म्हणाले, "गोळ्यांनी उजवा हात मोकळा होईल. नक्कल कमी होईल असं मला वाटतं. पूर्ण जाईल असं म्हणत नाही. आजार राहणार आहे. पण त्याच्यासकट कामं करणारी, फिरणारी खूप माणसं माझ्याकडं येतात. व्यायाम सोडायचा नाही. भरायचं कसं, ते तुम्हीच शोधा. जमेल तोवर सोडू नका."

बाहेर आल्यावर मल्लप्पाला फोन लावला. तो सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाला, "म्हणजे वय झालं म्हणून नव्हतं, खरंच आजार हुता." गुरम्माला मात्र त्या दिवशी आजाराचं नाव ऐकूनही हलकं वाटलं. आपण वेड्या नाही, आपल्या हातात कुणी शिरलेलं नाही, हे कळणं केवढं मोठं होतं ते तिला सांगता येईना.

गोळ्यांचा गुण यायला थोडे आठवडे गेले. मग एका सकाळी भाकरी गोल आली. तव्यावर टम्म फुगली तेव्हा तिनं महेश्वरीला हाक मारून दाखवली. वास काही परतला नाही. गोळीचा असर उतरायला लागला की हात पुन्हा जड व्हायचा. डावा हात सोप्या कामाला गप्प बसायला लागला. अवघड कामाला मात्र अजून मधे मधे करायचाच. घट्ट बांगडी हे अवघड कामच.

तेव्हा महेश्वरी म्हणाली, "विठाबाईंनी धरला तसा मी हात धरू का?"

ह्या पोरीनं बांगड्यांना कधी हात लावला नव्हता. काचेचा धंदा आपला नव्हे, असं ती लग्नाच्या आधीच सांगून आली होती, आणि गुरम्मालाही ते मान्य होतं. आता कारखान्यातून आली की ती दुकानात बसायला लागली. पहिल्या काही बायकांची हाडं तिनं चांगलीच दुखवली. मग गुरम्मानं तिला शिकवलं ते आपलाच हात देऊन. "माझा पंजा धर. दाब. न्हाय, जोरानं न्हाय, आत वळव. बाई श्वास सोडती बघ, तवा ढिलं सोडायचं." शिकवता शिकवता त्या सासू-सुनांनी इतक्या वर्षांत प्रथमच एकमेकींचे हात इतका वेळ धरले.

गिऱ्हाइकं सगळी परतली नाहीत. काही पलीकडच्या दुकानाचीच झाली, आणि गुरम्मानं त्यांना दोष दिला नाही. पण पुष्कळजणी आल्या. सुनेनं पंजा मिटवायचा, सासूनं बांगडी सरकवायची, आणि गप्पा दोघींशी. पूर्वभागातली एक आजीबाई तर तेलुगूत म्हणाली की एकीचे पैसे देऊन दोघींकडनं लाड करून घ्यायला मिळतात, मी कशाला दुसरीकडं जाऊ.

गुरम्माच्या मनाला मात्र एक टोचणी होती. ऋतुजाच्या सासरी वाढलेल्या बांगडीची गोष्ट पोचली असेल, तर त्यांनी पोरीला काय बोल लावला असेल? लग्नाला ती गेली नव्हती. आजारीपणाचं निमित्त झालं होतं, पण खरं कारण तोंड दाखवायची लाज. शेवटी एका रविवारी तिनं पेटीतून चांगल्या बांगड्या काढल्या, पोरीसाठी आणि तिच्या सासूसाठी, आणि मल्लप्पाला म्हणाली, "वैरागला जाऊन येऊ."

दोघं एसटीनं गेली. ऋतुजाच्या सासूचं नाव मायाक्का, बियाणं-खतांच्या दुकानाचं घर. दारात अनोळखी नवराबायको बघून मायाक्का आधी बुचकळ्यात पडल्या. गुरम्मानं नाव सांगताच म्हणाल्या, "म्हंजे तुमी त्या चुड्यावाल्या का? या या, आत या. हिनं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सगळं सांगितलं हुतं आमाला."

गुरम्मा उंबऱ्यावरच थांबली. "बाई, माझ्यामुळं पोरीला काय बोलला नसाल ना..."

"तिला कशाला बोलायचं? मी म्हटलं, चुडा भरताना दुसऱ्याचं दुखणं वळखणारी सून मिळाली, आणि काय पायजे?"

ऋतुजा आतून आली. तिनं वैरागातच व्यायामाची एक खोली सुरू केली होती, त्या दिवशी सुट्टी होती. मनगटावरची खूण पुसट झाली होती. गुरम्मानं ती खूण पाहिली आणि तिला धीर धरवेना. बांगड्या भरून झाल्या की बाया बळेगारणीच्या पाया पडतात, रीतच आहे तशी. जन्मभर गुरम्मानं नमस्कार घेतले होते. आज ती वाकली आणि तिचे दोन्ही हात, उजवा आणि त्याच्या मागोमाग डावा, पोरीच्या पायाकडं गेले.

ऋतुजानं मधेच दोन्ही हात पकडले. "मावशी! हे काय करायलाय? मला पाप लावता काय?"

"पाप न्हाय गं. तू नसतीस तर मी अजून हात मांडीखाली घालून बसले असते. तुझं रगत सांडलं आणि तू माझ्याकडं बघितलंस. एवढं कुणी करत न्हाय."

"मी काय केलं? डॉक्टरांकडं जा म्हटलं. गेलात तुम्ही."

"महेश्वरीनं नेलं," गुरम्मा म्हणाली. "विठाबाईनं हात दिला. गोळ्या डॉक्टरनं दिल्या. पण पयली तू. माझं म्हणणं ऐकून घे, पोरी. उपकार म्हणायचं नसंल तर नको म्हणू. पण मला म्हणू दे."

ऋतुजाचे डोळे भरून आले. मग ती पटकन उठली आणि फिजिओ झाली. व्यायाम करता का म्हणून तिनं दरडावून विचारलं. मायाक्कांच्या अंगणात तिनं गुरम्माच्या डाव्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या दिला, आणि समोर ज्वारीची परात ठेवली. उजव्या हातानं दाणे उचलून वाटीत टाकायचे, डाव्यानं पाणी सांडू द्यायचं नाही. पहिल्याच दाण्याला पाणी सांडलं. दुसऱ्यालाही. मायाक्का हसल्या, गुरम्मा हसली, मल्लप्पानं घसा खाकरला. मग हळूहळू, नजर तांब्यावर ठेवून, जमायला लागलं. चार दाणे कोरडे गेले की एक ओला. साडी भिजली, अंगण भिजलं. जेवायला बसेपर्यंत ऋतुजानं तिला सोडलं नाही. निघताना सासू-सून दोघींनी गुरम्माच्या हातून बांगड्या भरून घेतल्या. ऋतुजानं मायाक्कांचा पंजा धरला, मायाक्कांनी ऋतुजाचा.

परतीच्या एसटीत खिडकीशी गुरम्मा, शेजारी मल्लप्पा. वैरागच्या स्टँडवर त्यानं भाजलेल्या शेंगांचा पुडा घेतला होता. बसला गर्दी नव्हती. दोन्हीकडं काढणीला आलेली ज्वारी आणि वर संध्याकाळचं ऊन. गुरम्माचा डावा हात दोघांच्या मधे सीटवर पडला होता. मल्लप्पानं इकडंतिकडं पाहिलं आणि तो हात आपल्या हातात घेतला. उभ्या जन्मात त्यानं चारचौघांत असं केलं नव्हतं. ती उजव्या हाताच्या बोटांनी शेंगा फोडून खात राहिली.

दर शेंगेला तिचा डावा हात मल्लप्पाचा हात चिमटीत दाबायचा. थोड्या वेळानं तो तिच्या कानाशी वाकला.

"काय गं, मघाधरनं काय सांगायलीस? काय पायजे का?"

"मी कुटं काय सांगायले?" गुरम्मा म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "मी न्हाय ओ. तो सांगायलाय."

"काय म्हणतोय मग?"

गुरम्मानं आणखी एक शेंग फोडली. "धरून ऱ्हावा म्हणतोय."

मल्लप्पानं हात सोडला नाही. बस सोलापूरच्या दिशेनं चालली होती आणि पुड्यात अजून बऱ्याच शेंगा शिल्लक होत्या.